महामार्ग ओलांडणारा पूल

महामार्गाच्या कडेला काही वेळ उभे राहून पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात आल्यावाचून राहत नाही. ज्यांच्यासाठी तो मार्ग बांधला, ते तेथे क्षणभरही थांबत नाहीत. आणि जे तेथे थांबलेले दिसतात, त्यांच्यासाठी तो बांधलेलाच नसतो. ही थांबलेली माणसे पलीकडे जाण्याची संधी पाहत असतात. कोणाचे शेत पलीकडे असते, कोणाची शाळा, कोणाचा दवाखाना, कोणाचा आठवड्याचा बाजार. मार्ग रुंद होण्यापूर्वी तेथे एक गाव होते. मार्ग रुंद झाल्यावर गावाचे नाव तेच राहिले, परंतु गावे दोन झाली.

विसाव्या शतकाच्या अखेरीस भारतात चौपदरी महामार्गांचे मोठे काम सुरू झाले. दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता ही चार नगरे जोडणारा ५,८४६ किलोमीटरांचा सुवर्ण चतुष्कोन २०१२ पर्यंत पुरा झाला. मालवाहतूक वेगवान झाली, अंतरे तासांत मोजली जाऊ लागली, आणि या लाभाविषयी वाद घालण्याचे कारण नाही. परंतु त्याची दुसरी बाजूही आकड्यांत नोंदलेली आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे अपघातात मरण पावली. त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती. राष्ट्रीय महामार्गांची लांबी देशातील एकूण रस्त्यांच्या दोन टक्क्यांच्या आसपास आहे. तथापि एकूण मृत्यूंपैकी ६१,०३८, म्हणजे एक-तृतीयांशाहून अधिक, या दोन टक्क्यांवर घडले.

पायी चालणाऱ्याच्या बरोबरीने सायकलस्वाराचाही विचार केला पाहिजे, कारण आपल्या देशात सायकल ही हौसेची वस्तू नव्हे. २०११ च्या जनगणनेत शेकडा सुमारे ४५ कुटुंबांकडे सायकल असल्याची नोंद झाली. दुधाच्या चरव्या, गॅसचे सिलिंडर, गवताचे भारे, भाजीच्या टोपल्या हे सारे तिच्यावरून जाते. बिहार शासनाने २००६ साली नववीच्या वर्गात जाणाऱ्या मुलींना सायकल घेण्यासाठी पैसे देण्याची योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचे प्रमाण त्या योजनेमुळे सुमारे एक-तृतीयांशाने वाढल्याचे त्यांना आढळले. ही वाढ मुख्यतः अशा गावांत झाली, जेथून शाळा तीन किलोमीटरांहून दूर होती. त्याच उत्तर बिहारमधून, मुझफ्फरपूर आणि दरभंगा यांच्या बाजूने, पूर्व-पश्चिम चौपदरी महामार्ग जातो. एका योजनेने मुलीच्या हाती सायकल दिली आणि दुसऱ्या योजनेने तिच्या वाटेत चार पदरांचा मार्ग आणून ठेवला. दोन्ही योजना चांगल्याच होत्या. त्यांची गाठ कोठे पडणार, याचा विचार मात्र कोणाच्याच टेबलावर नव्हता.

अशा ठिकाणी दोनतीन माणसे दगावली की गावकरी मार्गावर येऊन बसतात आणि ‘पूल हवा’ अशी मागणी करतात. मागणी न्याय्य असते. परंतु अभियंत्याने तिचे शब्द जसेच्या तसे स्वीकारावेत काय? गावाला हवे असते ते पलीकडे जाणे; पूल हा त्याचा एक उपाय झाला. म्हणून आराखड्याच्या कागदावर पहिली रेघ ओढण्यापूर्वी त्याने त्या जागी जाऊन जमीन पाहिली पाहिजे. मार्ग भोवतालच्या जमिनीच्या वर आहे, बरोबरीने आहे की खाली आहे, या एका प्रश्नाच्या उत्तरावर पुढचे बहुतेक सारे अवलंबून असते.

गंगेच्या उत्तरेकडील मैदानात पुराच्या भयाने महामार्ग मातीच्या भरावावर उचललेले असतात. भराव तीन मीटर उंच असेल, तर त्यावरून जाणारा पूल गावाच्या जमिनीपासून नऊ मीटरांवर जाईल, म्हणजे तीन मजली घराइतका. तेथे भरावाच्या पोटातून जाणारा भुयारी मार्ग हाच शहाणपणाचा ठरतो, कारण तो गावाच्या पातळीवरच राहतो. याउलट जेथे मार्ग टेकडी कापून खाली उतरवलेला आहे, तेथे पूल दोन्ही काठांना समपातळीत सांधता येतो. कोणालाही चढावे लागत नाही. दख्खनच्या पठारावर अशा जागा पुष्कळ आहेत. कित्येकदा गावापासून दोनशे मीटरांवर अशी सोयीची जागा असते आणि पूल मात्र गावाच्या वेशीसमोर सपाटीवर उभा राहतो, कारण अर्जात वेशीचा उल्लेख असतो.

खरी अडचण सपाट जमिनीवर येते. भुयारी मार्ग खोदावा तर सायकलस्वाराच्या डोक्यावर अडीच मीटर मोकळी जागा आणि वरच्या मार्गाच्या छताची व थरांची सुमारे एक मीटर जाडी, एवढे साडेतीन मीटरच खाली जावे लागते. शिवाय खाली उतरताना मिळालेला वेग पलीकडे चढताना उपयोगी पडतो. सायकलस्वाराला हा हिशेब कोणी शिकवावा लागत नाही. पूल मात्र याच्या जवळजवळ दुप्पट उंच जातो, आणि तेथे कष्ट आधी व वेग नंतर, असा उलटा क्रम असतो. म्हणून केवळ श्रमाचा विचार केला तर भुयारच सरस. परंतु पावसाळ्यात पाणी साचलेले, दिवे फुटलेले, वळणापलीकडचे न दिसणारे भुयार दिवस मावळल्यावर स्त्रिया टाळतात, आणि त्या टाळतात यात काही चूक नाही. ज्या भागात पाण्याचा निचरा आपोआप होत नाही आणि पंप चालवणारा माणूस नेमला जाण्याची खात्री नाही, तेथे पुलाकडेच वळावे लागते.

नेदरलंड्समधील आइंडहोव्हेन या नगराने या पेचातून काढलेली वाट पाहण्यासारखी आहे. आइंडहोव्हेन आणि शेजारचे वेल्डहोव्हेन यांच्या सीमेवर एक वर्दळीचा चौक होता. जवळच नवी वसाहत उभी राहत असल्याने तेथील मोटारींची संख्या वाढणार होती. तेथे २०१२ साली पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलस्वारांसाठी एक वर्तुळाकार पूल खुला झाला. त्याला होव्हेनरिंग म्हणतात. ७० मीटर उंचीच्या एकाच मनोऱ्यापासून २४ पोलादी दोरांनी ७२ मीटर व्यासाचे कडे अधांतरी टांगलेले आहे, आणि छायाचित्रांत हे कडेच डोळ्यांत भरते. त्यातील खरी करामत मात्र छायाचित्रात दिसत नाही. चौकाभोवती घरे असल्याने लांब चढण बांधायला जागा नव्हती; तेव्हा रचनाकारांनी मोटारींचा चौकच सुमारे दीड मीटर खाली नेला. तेवढ्याने चढण शंभरास दोन-तीन इतकी सौम्य झाली. भार मोटारीच्या इंजिनावर पडला, माणसाच्या गुडघ्यावर पडला नाही. त्या पुलालाही प्रारंभी एक दुखणे जडले होते: वाऱ्याने दोर थरथरू लागले, आणि कंपने शोषणारी साधने बसवीपर्यंत तो बंद ठेवावा लागला. तो गेला महिना काय किंवा उशिरा काय, हे आज कोणाच्या स्मरणातही नसेल. खाली नेलेला चौक मात्र रोज उपयोगी पडतो.

भारतात महामार्गावर वाहनांच्या डोक्यावर किमान साडेपाच मीटर मोकळी जागा सोडावी लागते. डांबराचे नवे थर दर काही वर्षांनी चढत जातात आणि ही जागा बोटाबोटाने कमी होत जाते, म्हणून थोडी अधिकच सोडणे बरे. तिच्यावर पुलाची स्वतःची जाडी येते. येथे रचनाकाराच्या हाती एक निर्णय असतो आणि त्याचे महत्त्व पुष्कळदा ओळखले जात नाही. गाळा पंचवीस मीटरांचा असेल, तर त्याला पेलणारी तुळई सव्वा मीटर उंचीची लागते. चालण्याचा तक्ता तुळयांच्या माथ्यावर ठेवला, तर पादचाऱ्याला जवळजवळ सात मीटर चढावे लागेल. तोच तक्ता दोन तुळयांच्या किंवा पोलादी कैच्यांच्या मधोमध, त्यांच्या पायथ्याशी बसवला, तर खालची जाडी अर्ध्या मीटरावर येते आणि चढण सहा मीटरांची होते. शिवाय बाजूच्या कैच्या कठड्याचेही काम करतात. एक मीटर वाचला, एवढेच हे दिसते. परंतु वीसास एक अशा उताराच्या रस्त्यावर एक मीटर उंची म्हणजे वीस मीटर लांबी, आणि दोन्ही बाजू मिळून चाळीस मीटर.

सहा मीटरांचाच हिशेब पुढे चालवला तर काय दिसते? दीडशे मिलिमीटर उंचीच्या पायऱ्या घातल्या तर चाळीस पायऱ्या होतात. बारास एक या उताराने, चाकाच्या खुर्चीसाठी मध्येमध्ये सपाट टप्पे धरून, ऐंशी मीटरांवर लांबी जाते. वीसास एक या उताराने एकशेवीस मीटर लागतात. आता सायकलस्वार व सायकल मिळून ऐंशी किलो वजन धरावे आणि ताशी आठ किलोमीटर हा अगदी मंद वेग धरावा. वीसास एक या चढावर केवळ वजन वर नेण्यासाठी त्याला सुमारे ८७ वॅट शक्ती लावावी लागते. साधा धडधाकट माणूस एवढी शक्ती काही काळ लावू शकतो. बारास एक या चढावर हाच आकडा १४५ वर जातो, आणि बहुतेक जण उतरून सायकल ढकलू लागतात. कॅरियरला चाळीस किलो दूध लटकत असेल, तर वीसास एकचा सौम्य चढदेखील १३० वॅटांचा होतो. म्हणजे नियमाच्या पुस्तकात बारास एक हा उतार मान्य असला, तरी तो अपंगाच्या खुर्चीचा विचार करून मान्य आहे. दूधवाल्याला तो मान्य आहे काय, हे पुस्तकात लिहिलेले नसते. आराखड्यातला माणूस कधी दमत नाही.

पायऱ्यांच्या कडेला सायकलीचे चाक चढवण्यासाठी अरुंद पन्हळ ठेवण्याची पद्धत आहे. वीस किलोची रिकामी सायकल घेऊन तरुण माणूस तिच्यावरून चढू शकेल. भरलेली सायकल घेऊन शाळकरी मुलगी चढू शकणार नाही. उतरताना तर सायकल माणसालाच ओढून नेते. पन्हळ ही रॅम्पच्या जोडीला असावी. रॅम्पच्या ऐवजी ती दाखवली असेल, तर तो पूल सायकलींसाठी आहे असे म्हणू नये.

आता वेळेचा हिशेब. दुभाजकासह एकवीस-बावीस मीटर रुंदीचा मार्ग नेहमीच्या चालीने ओलांडायला अठरा सेकंद लागतात. चाळीस पायऱ्या चढून, पूल ओलांडून पुन्हा खाली यायला सव्वा मिनिट तरी हवे. रॅम्पवरून पायी गेल्यास साडेतीन मिनिटांहून अधिक. इंग्लंडमध्ये मूर आणि ओल्डर या दोघांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसून आले, की पुलावरून आणि खालून जायला सारखाच वेळ लागत असेल तर बहुतेक माणसे पूल वापरतात. पुलाला दीडपट वेळ लागत असेल तर जवळजवळ कोणीच वापरत नाही. खालून जाण्याच्या वेळेत अर्थातच वाट पाहण्याचा वेळही धरावा लागतो. सकाळी नऊ वाजता वाहनांची रांग तुटत नाही, दीड-दोन मिनिटे थांबावे लागते आणि माणूस आपण होऊन पायऱ्या चढतो. दुपारी दोन वाजता मार्ग मोकळा असतो, त्याच माणसाला दहा सेकंदांत फट मिळते आणि तो खालूनच जातो. परंतु दुपारचा मोकळा मार्ग म्हणजे वाहनांच्या वेगाचाही परमावधी. ज्या वेळी पूल रिकामा असतो, त्याच वेळी त्याची गरज सर्वांत जास्त असते.

हे दृश्य पाहून अधिकारी लोकांना बेशिस्त ठरवतात आणि दुभाजकावर जाळी उभारतात. जाळी आवश्यक असते, हे खरे. तथापि जाळी ज्या ठिकाणी वारंवार कापली जाते, ते ठिकाण नकाशावर टिपून ठेवावे. पूल कोठे हवा होता याचे त्याहून विश्वसनीय सर्वेक्षण दुसरे नाही. भारतीय रस्ते परिषदेने पादचाऱ्यांच्या सोयींविषयीची मार्गदर्शक तत्त्वे १९८८ साली प्रथम काढली आणि पुढे २०१२ व २०२२ साली ती सुधारली. शहरातील रस्त्यावर माणसाला जमिनीच्या पातळीवरच ओलांडू द्यावे, वाहनांना थांबवावे, असा त्या विचाराचा ओघ आहे, आणि तो रास्त आहे. जेथे वाहनांचा वेग आणि संख्या थांबवण्यापलीकडची आहे तेथेच पुलाचे प्रयोजन उरते. शहराच्या मध्यवस्तीत पूल बांधून पादचाऱ्याला वर पाठवणे, ही पादचाऱ्याची सोय नसून मोटारींची सोय होय.

रुंदीबाबत थोडक्यात सांगता येईल. सायकल सरळ रेषेत चालत नाही, विशेषतः चढावर. एका स्वाराला हलत-डुलत जायला मीटरभर जागा लागते. समोरासमोर येणाऱ्या दोन सायकली आणि त्यांच्या बाजूने चालणारी दोन माणसे मिळून चार मीटर स्वच्छ रुंदी असावी. कठडा सायकलस्वारासाठी कमरेपेक्षा उंच, सव्वा मीटराहून अधिक असावा, कारण तो खोगिरावर उंच बसलेला असतो. रॅम्पच्या टोकाला काटकोनात वळण देऊ नये. उतरणारी सायकल तेथे कठड्यावर आदळते. आणि मोटारसायकलींना रोखण्यासाठी तोंडाशी लोखंडी खुंट ठोकायचे असतील, तर तीनचाकी सायकलीवर फिरणाऱ्या अपंग माणसाला त्यांतून जाता येते की नाही, हे खुंट ठोकण्यापूर्वी पाहावे.

पुलाचा सांगाडा कसा असावा, हा विषय अभियंत्यांना अधिक प्रिय आहे, आणि बहुधा येथेच मोह उत्पन्न होतो. पूल हलका असतो, गाळा मोठा नसतो, खाली हजारो माणसे रोज ये-जा करतात. काही डौलदार करून दाखवण्याची अशी संधी वारंवार येत नाही. अमेरिकेतील मायामी येथे एका विद्यापीठाची वसाहत आणि पलीकडचे स्वीटवॉटर हे गाव यांच्यामध्ये आठ पदरी मार्ग होता. तेथे २०१८ साली पादचारी पूल बांधण्यात येत होता. वाहतूक फार काळ अडू नये म्हणून मुख्य गाळा बाजूला ओतून तयार करण्यात आला. सुमारे ५३ मीटर लांबीचा आणि ९५० टन वजनाचा तो गाळा १० मार्च रोजी चाकांच्या यंत्रांवरून आणून काही तासांत जागेवर बसवला गेला. युक्ती उत्तमच होती, आणि तिचा गौरवही झाला.

तो पूल पूर्ण झाल्यावर दोरांनी टांगलेला दिसावा, अशी योजना होती. मनोरा आणि त्यापासून निघणाऱ्या नळ्या आराखड्यात होत्या. पण पुलाचा भार त्यांच्यावर येणार नव्हता. प्रत्यक्षात भार वाहणार होती ती काँक्रीटची कैची, आणि तीही मधोमध एकच. दोन कैच्या असत्या तर एकीने दगा दिल्यावर दुसरी काही काळ तरी पेलू शकली असती. येथे तसा दुसरा आधार नव्हता. उत्तरेकडील टोकाला, जेथे तिरकस दांडा आणि उभा दांडा तक्त्याला मिळत होते, त्या सांध्यावर किती बळ येईल याचे गणित चुकले होते. सांध्याला तडे गेले. ते लपलेले नव्हते; कामावरच्या माणसांनी त्यांची छायाचित्रे काढली होती. काँक्रीटमध्ये सामान्यतः जेवढ्या रुंदीचे तडे चालतात त्याच्या चाळीस पटींनी मोठे ते होते, असे पुढे चौकशीत नमूद झाले. रचना करणाऱ्या एका अभियंत्याने १३ मार्च रोजी राज्याच्या वाहतूक खात्यातील अधिकाऱ्याच्या दूरध्वनीवर तड्यांविषयी निरोप ठेवला. अधिकारी बाहेरगावी होता, आणि निरोप ऐकला गेला तो पूल पडल्यानंतर. १५ मार्चच्या सकाळी सर्व संबंधितांची बैठक झाली. धोका नाही, असे तीत सांगण्यात आले. दुपारी त्या तिरकस दांड्यातील पोलादी सळया पुन्हा ताणण्याचे काम चालू असताना पूल कोसळला. खालून वाहतूक चालूच होती, सिग्नलला मोटारी थांबलेल्या होत्या. सहा माणसे मरण पावली. त्यांपैकी एक पुलावरचा कामगार होता, बाकीची खाली मोटारींत बसलेली होती.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१९ साली आपले निष्कर्ष जाहीर केले. गणितातील चूक, ती चूक पकडण्यात कमी पडलेली दुसरी तपासणी, आणि तडे दिसत असताना मार्ग बंद न करणे, अशी तिहेरी कारणमीमांसा त्यात आहे. पहिली चूक कोणाच्याही हातून होऊ शकते. म्हणून तर दुसऱ्या तपासणीची रीत पडली. परंतु तिसऱ्या चुकीला कोणत्याही गणिताची गरज नव्हती. काही तासांसाठी आठ पदर बंद करण्याचा अधिकार त्या बैठकीतील एकाहून अधिक माणसांना होता. महामार्गावरील पुलाच्या बांधकामात वाहतूक हीच सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, असे सर्वांच्या मनात इतके ठसलेले असते, की ती थांबवण्याचा विचार सुचतच नाही. ज्या मार्गापासून माणसांना वाचवायचे म्हणून पूल बांधायला घेतला, त्याच मार्गाचा हा धाक होय. आपल्याकडेही दिल्लीत २०१० च्या सप्टेंबरात, राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या तोंडावर, जवाहरलाल नेहरू स्टेडियमजवळ बांधला जात असलेला पादचारी पूल कोसळून कामगार जखमी झाले. तेथे घाई वाहतुकीची नव्हती, समारंभाची होती.

हलक्या पुलाला खालून येणाराही एक धोका असतो. इंग्लंडच्या केंट परगण्यात २७ ऑगस्ट २०१६ रोजी एका मालमोटारीवर लादलेले खोदाईचे यंत्र एम-२० या महामार्गावरील पायपुलाला लागले, आणि पुलाचा गाळाच्या गाळा मार्गावर येऊन पडला. मोटारींच्या पुलाचे वजन एवढे असते की असा धक्का तो पचवून टाकतो. पायपूल आधारावरून सरकतो. आपल्याकडे वाळू ओतून झाल्यावर मागचा हौदा वर राहिलेला डंपर ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. म्हणून गाळा खांबांना पक्का जखडणे, आणि पुलाच्या बराच आधी, पुलाहून थोडी कमी उंचीची लोखंडी कमान उभी करणे, या दोन्ही गोष्टी अंदाजपत्रकात प्रथमपासून धराव्यात. कमान पडली तर हानी थोडी.

पुलावरून चालणारी माणसेच पुलाला हलवू शकतात, हे पूर्वीपासून माहीत आहे. मँचेस्टरजवळचा ब्रॉटन येथील झुलता पूल १८३१ साली कवाईत करीत जाणाऱ्या सैनिकांच्या पावलांनी कोसळला, आणि तेव्हापासून पुलावर पावले न जुळवता चालण्याचा लष्करी शिरस्ता दृढ झाला. परंतु न जुळलेली पावले आपोआप जुळू शकतात, हे जगाला नीट कळले ते लंडनमध्ये, १० जून २००० रोजी. थेम्स नदीवरील मिलेनियम पूल त्या दिवशी खुला झाला आणि हजारो माणसे त्यावर लोटली. चालताना माणसाची पावले सेकंदाला सुमारे दोन पडतात, परंतु डावे-उजवे असा बाजूचा रेटा सेकंदाला एकदाच पुरा होतो. पुलाच्या आडव्या डोलण्याची नैसर्गिक गती त्याच्या आसपास होती. पूल किंचित डोलला, माणसांनी तोल सावरण्यासाठी त्याच्या तालावर पाय टाकले, त्यामुळे तो अधिक डोलला. दोन दिवसांत पूल बंद झाला. ३७ द्रवयुक्त शमके आणि पन्नासहून अधिक वजनी शमके बसवून तो फेब्रुवारी २००२ मध्ये पुन्हा उघडण्यात आला. खर्च सुमारे पन्नास लाख पौंड. महामार्गावरील पंचवीस मीटरांचा आखूड, ताठ गाळा असा डोलत नाही. मात्र मधला खांब गाळून पन्नास-साठ मीटरांचा एकच नाजूक गाळा काढण्याचा विचार असेल, तर हे गणित पायाच्या गणिताइतक्याच काळजीने करावे. शाळा सुटण्याच्या वेळी मुले पुलावर मुद्दाम उड्या मारतात, हेही गृहीत धरावे, ती मारणारच.

उरली ती देखभाल. पावसाचे पाणी तक्त्यावर साचता कामा नये आणि खालच्या वाहनांवर पडताही कामा नये. त्यासाठी मध्यभागी थोडा उंचवटा आणि खांबांतून उतरणारे नळ पुरतात. समुद्रकाठी पोलादाला जस्ताचा लेप द्यावा लागतो. दिवे कठड्याच्या आत, हाताला न पोहोचणारे असावेत, आणि बाजू पत्र्यांनी झाकू नयेत, म्हणजे वरचा माणूस खालून दिसत राहतो. रात्री एकट्या जाणाऱ्या स्त्रीला दिव्याइतकाच याचा आधार वाटतो. सांधे, आधार आणि तक्त्याची खालची बाजू पाहता यावी म्हणून शिडी व चौकट ठेवणे स्वस्त असते. पूल झाल्यावर तीच सोय करायला मार्ग बंद करावा लागतो.

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला लागून असलेल्या पादचारी पुलाचा भाग १४ मार्च २०१९ रोजी संध्याकाळच्या गर्दीत रस्त्यावर कोसळला आणि माणसे मरण पावली. त्या पुलाची बांधणीविषयक तपासणी त्यापूर्वीच झालेली होती आणि किरकोळ दुरुस्तीच्या अटीवर तो वापरास योग्य ठरवण्यात आला होता. तपासनीसाने काय पाहिले, एवढाच प्रश्न अशा वेळी विचारला जातो. त्याला काय पाहता येत होते, हाही प्रश्न विचारायला हवा. तक्त्यावर फरशी असते, फरशीखाली जुनी फरशी असते, खाली छताचे पत्रे असतात, आणि दोन्ही बाजूंना जाहिरातींचे फलक बोल्टांनी बसवलेले असतात. गंज नेमका या सर्वांच्या आड वाढतो. तपासणीपूर्वी फलक आणि पत्रे उतरवून ठेवावेत, एवढे वाक्य करारात घालणे कठीण नाही. फलकांचे भाडे ज्या खात्यात जमा होते त्याच खात्याकडे तपासणीचे काम असेल, तर ते वाक्य अंमलात यायला थोडा वेळ लागतो.